हिरवी हुमणी

दवाखान्यातल्या दुसऱ्या रात्री नाना चादरीवर सऱ्या मोजत होते. उजव्या हाताचा अंगठा दोन बोटांवर घासत, चिमटीतून काहीतरी सोडल्यासारखं करत ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "अकरावी राह्यली. अकरावीत पडलंच न्हाई." काकू त्यांचं मनगट धरून बसली होती. "पडलं, अकरावीत पण पडलं, झोपा आता," असं ती सांगायची. थोडा वेळ जायचा आणि बोटं परत चालू व्हायची.

जुलै २००९. आडसाली उसाची लागण चालू होती. आदल्या साली त्याच रानात मुळ्या खाणाऱ्या हुमणी अळीनं निम्मा ऊस वाळवला होता, म्हणून नाना सकाळपासून सरीत फोरेट या कीडनाशकाचे दाणे टाकत होते. घमेल्यात दाणे, उघडा हात, चिखलात अनवाणी पाय. हातमोजे आमच्या घरात कुणी आणलेच नव्हते. दुपारी भाकरी खायला बांधावर आले तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणाले. मग उलटी झाली, तोंडाला लाळ सुटली, आणि त्या गार वाऱ्यात अंगातून पाण्यासारखा घाम निथळायला लागला. अण्णांनी त्यांना मोटारसायकलवर मधे बसवलं, मागं मी बसले. तालुक्याला पोचेपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि माझी ओढणी लाळेनं भिजली होती.

डॉक्टरांनी पापणी वर करून बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी नर्सला ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, काढायला सांगितलं आणि मग दर काही मिनिटांनी इंजेक्शन, परत बॅटरी, परत इंजेक्शन. तोंड कोरडं पडेपर्यंत, छातीतली घरघर थांबेपर्यंत देत राहायचं असतं ते. ॲट्रोपिन एवढं गेलं की माणूस भ्रमात जातो, हवेतलं काहीतरी वेचत राहतो. नाना फोरेटचे दाणे वेचत होते.

मध्यरात्री डॉक्टर अण्णांना म्हणाले, "यांच्या शरीरातलं एक एन्झाइम बंद पडलंय. ते परत चालू होईपर्यंत आपण यांना धरून ठेवायचं."

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या एन्झाइमचं नाव मला पाठ होतं. ॲसिटिलकोलिनेस्टरेज. परीक्षेत त्याची आकृती काढून मी पाचपैकी पाच गुण मिळवले होते. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो एका रसायनाच्या हाती, आणि निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसून टाकायचं काम हे एन्झाइम करतं. सेकंदाला हजारो रेणू पुसतं. ते पुसलं जातं म्हणून बोट हलतं आणि थांबतंसुद्धा. फोरेट या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. मग निरोप पुसला जात नाही. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू थरथरत राहतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. वहीत ही सगळी आकृती दोन रंगांच्या पेनांनी काढलेली होती. ती वही आणि समोरची ती चादर एकाच गोष्टीबद्दल आहेत, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

नाना वाचले. आठव्या दिवशी घरी आले. पण आजही चहाची बशी त्यांच्या हातात किणकिणते. डॉक्टर म्हणतात वयामुळं असेल. असेलही.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्यासोबत राहिला. मारायचं होतं हुमणीला. मग नाना का पडले? उत्तर साधं आहे आणि त्यामुळंच अंगावर येतं. तेच एन्झाइम हुमणीतही आहे. किड्याच्या आणि माणसाच्या मज्जातंतूंत निरोप पुसायची पद्धत एकच आहे, म्हणून जे त्याला मारतं ते आपल्यालाही मारतं. फरक फक्त मात्रेचा. फोरेट ज्या कुळातलं आहे त्या सेंद्रिय फॉस्फरस संयुगांचा इतिहासही हेच सांगतो. १९३६ साली गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ पिकावरच्या किडींसाठी औषध शोधत होता आणि त्याच्या हाती ताबून नावाचं रसायन लागलं. तो युद्धात वापरायचा विषारी वायू ठरला. कीडनाशक आणि युद्धाचा वायू एकाच चुलीवर शिजले आहेत.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळच्या बातम्या येऊ लागल्या. कापूस डोक्याच्या वर गेलेला, त्यात शिरून फवारणी करणारी माणसं, दवाखान्यांत शेकडो जण भरती. त्या एका जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. टीव्हीवर कुणीतरी तज्ज्ञ सांगत होते की शेतकऱ्यांनी मास्क वापरला नाही, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारलं. नानांनी उठून टीव्ही बंद केला. मला त्यांचा राग कळला. ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंप घेऊन, पुरुषभर उंच कपाशीत रबरी कपडे घालून चालणं हे टीव्हीच्या खोलीत बसून सांगायचं काम नाही. फोरेटवर देशात बंदी आली ती ३१ डिसेंबर २०२०पासून. त्याच्या आधी अकरा वर्षं नाना आमच्या रानात पडले होते.

हुमणी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वळवाचा पहिला पाऊस पडला की तिन्हीसांजेला जमिनीतून तांबूस भुंगेरे उठतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर जाऊन बसतात. रात्रभर पाला खातात, जुगतात, पहाटे परत मातीत जातात. मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली अळी म्हणजे हुमणी. पांढरट, जाडसर, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडलेली. आधी ती कुजकं खाते, मोठी झाली की मुळ्यांवर येते. श्रावण-भाद्रपदात हिरवागार ऊस अचानक पिवळा पडायला लागतो. बेटाला हात घातला की अख्खं बेट मुळीशिवाय वर येतं, कुणी नुसतं रोवून ठेवल्यासारखं. खालची माती उकरली की पाच-सात हुमण्या निघतात. शेतकऱ्याच्या पोटात त्या वेळी काय होतं ते मी बघितलंय. दीड वर्षाचं पीक असतं ते.

या अळीला मारेल पण नानांना हात लावणार नाही असं काही हवं असेल, तर अळीत आहे आणि नानांत नाही अशी गोष्ट शोधायला हवी. ती गोष्ट अळीच्या अंगावरच आहे. तिची कातडी. किड्यांचं कवच कायटिन नावाच्या पदार्थाच्या धाग्यांनी विणलेलं असतं. खेकड्याचं, कोलंबीचं कवचही त्याचंच. आपल्या शरीरात कायटिन तयार होत नाही. गाईच्या नाही, उसाच्या नाही. गांडुळाची कातडीही कोलॅजेनची असते. म्हणजे कायटिन कापणारी कात्री मिळाली, तर ती नानांच्या हातावरून फिरली तरी तिला कापायला काही सापडणार नाही.

ती कात्री मातीत होतीच. मेटारायझियम नावाच्या बुरशीकडं.

या बुरशीचं काम मी गेली कित्येक वर्षं बारावीच्या मुलांना अभ्यासक्रमाबाहेर जाऊन शिकवते, आणि दर वेळी मला नव्यानं नवल वाटतं. तिचा बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो. ओल मिळाली की त्याला कोंभ फुटतो, कोंभाच्या टोकाला एक फुगीर गाठ येते आणि ती गाठ कातडीवर घट्ट बसते. मग एन्झाइमं सुटतात, आणि कातडीचे थर जसे आहेत तशी कामाची वाटणी असते. सगळ्यात वर मेणचट थर असतो, त्याला लायपेज. त्याच्या आत कायटिनचे धागे प्रथिनांच्या गिलाव्यात बसवलेले असतात, म्हणून आधी गिलावा उतरवणारी प्रोटिएज येतात. धागे उघडे पडले की कायटिनेज. भिंत मऊ झाली की गाठीतून एक बारीक खुंटी जोरानं आत घुसते. एकदा रक्तात पोचली की बुरशी आत वाढते, अळीचं सगळं पोषण खाते, आणि अळी मेली, ओल असली, की आतून कातडी फोडून बाहेर येते. आधी पांढरी लव, मग तिच्यावर हिरवे बीजाणू.

या ज्ञानाची सुरुवात शेतात नाही, रेशमाच्या किड्यांत झाली. इटलीतल्या लोदीजवळच्या आगोस्तिनो बास्सीनं रेशीमकिड्यांना होणाऱ्या एका पांढऱ्या रोगामागं जवळजवळ पंचवीस वर्षं घालवली. स्वतःची नजर अधू असताना त्यानं दाखवलं की हा रोग बुरशीमुळं होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडं जातो. हे छापलं गेलं १८३५ साली, पाश्चरच्या आधी. ती बुरशी आज त्याच्याच नावानं ओळखली जाते, बव्हेरिया बॅसियाना. पुढं १८७९मध्ये इल्या मेच्निकॉव्हनं ओडेसाच्या परिसरात गव्हाच्या भुंगेऱ्यांवर हिरवी बुरशी बघितली आणि ती वाढवून किडींवर वापरता येईल असं सुचवलं. ज्या भुंगेऱ्यावर ती सापडली त्याचं शास्त्रीय नाव ॲनिसोप्लिया, म्हणून बुरशी मेटारायझियम ॲनिसोप्लिई. हाच मेच्निकॉव्ह पुढं आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे शोधून १९०८चं नोबेल घेऊन गेला. नानांच्या रानातला भुंगेरा त्या गव्हाच्या भुंगेऱ्याचा लांबचा भाऊबंदच.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी पहिल्या वर्षी मी चुकले. दुकानातून पुडे आणले, ते दुकानाच्या पत्र्याखाली किती महिने उन्हात तापले होते याची चौकशी केली नाही. मार्चमध्ये कोरड्या मातीवर ती पावडर नुसती भुरभुरली. जिवंत वस्तू आहे, तिला सावली आणि ओल लागते, ही गोष्ट शिकवणारी मीच, पण शेतात गेल्यावर तिला फोरेटसारखी वागवली. भाद्रपदात ऊस पिवळा पडला. नाना काही बोलले नाहीत. बांधावर उभे राहून त्यांनी एक बेट उपटलं आणि माझ्या पायाशी ठेवलं.

त्यानंतर मी एक केलं. त्या बेटाखालच्या लहान चार हुमण्या काचेच्या बरणीत ओल्या मातीत ठेवल्या आणि चांगल्या प्रयोगशाळेतून आणलेली ताजी बुरशी त्यात मिसळली. बरणी देवळीत ठेवली. नाना रोज सकाळी बघायचे. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. "तुझी बुरशी झोपलीय काय?" आठव्या दिवशी एक अळी खायची थांबली, अंगावर तपकिरी ठिपके दिसले. दहाव्या दिवशी तिला काडीनं ढोसलं तर हलली नाही. नानांना वाटलं आता ती सडेल, वास येईल. ती सडली नाही, खडूसारखी कडक झाली. मग सांध्यासांध्यांतून पांढरी लव आली, आणि एके दिवशी काकूनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "आगं बघ तरी, हिला शेवाळ आलंय!"

नानांनी ती अळी तळहातावर घेतली. काळपट हिरव्या मखमलीत गुंडाळल्यासारखी दिसत होती. पाय, डोकं, अंगावरच्या वळ्या, सगळे आकार जागच्या जागी, फक्त रंग बदललेला. बोट फिरवलं की हिरवी पूड बोटाला लागायची. ते त्या पुडीकडं बघत होते आणि मी त्यांच्या त्या हाताकडं. त्याच चिमटीनं अकराव्या सरीची काळजी केली होती. मी म्हटलं, "नाना, हात धुवा." ते म्हणाले, "हे काय लागतंय व्हय मला?" म्हटलं, "लागत नाही. आपल्या अंगाची ऊबसुद्धा तिला सहसा सोसत नाही. पण धुवा." धूळ नाकात गेली तर ज्याला दमा आहे त्याला त्रास होऊ शकतो, म्हणून पावडर हाताळताना आमच्या घरी आता तोंडाला फडकं बांधायचा नियम आहे.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. एकरी आठ किलो बुरशी चाळलेल्या, मुरलेल्या शेणखतात कालवली, झाडाखाली ढीग केला, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि दहा-बारा दिवस ओल टिकवली. जूनच्या पावसावर ते खत सरीत मुळाशी टाकलं आणि मातीनं झाकलं. त्याआधी मे महिन्यात वळीव पडल्यापासून रोज सातच्या पुढं सगळं घर कडुनिंबाखाली. फांदी हलवायची, खाली पसरलेल्या ताडपत्रीवर भुंगेरे पडायचे, ते रॉकेल टाकलेल्या पाण्यात. आमच्यापुढच्या दोन शेजाऱ्यांनीही झाडं हलवली. एकट्यानं हलवून उपयोग नसतो, भुंगेऱ्याला बांध कळत नाही. भाद्रपदात आठ-दहा बेटांना पिवळेपणा आला. उकरलं तर जिवंत हुमण्या होत्याच, पण मधे मधे हिरव्या पडलेल्याही सापडल्या.

हे सांगताना मला दोन गोष्टींची फार काळजी वाटते. पहिली म्हणजे वेळ. फोरेटनं अळी लवकर मरायची, बुरशीला दोन आठवडे लागतात, मोठ्या अळीला त्याहून जास्त. ऊस वाळायला लागल्यावर बुरशीकडं धावलात तर हाती काही लागणार नाही. आणि बुरशीनाशक मुळाशी ओतून आळवणी केली असेल तर मेटारायझियमही त्यात मरेल, ती बुरशीच आहे. कायटिन मधमाशीलाही असतं, म्हणून ही बुरशी फुलोऱ्यावर उडवायची गोष्ट नाही. तिची जागा मुळाशी, मातीत.

दुसरी गोष्ट बाजाराची. हल्ली 'एन्झाइम' हा शब्द बाटलीवर छापला की ती विकली जाते. नुसतं एन्झाइम पाण्यात कालवून फवारलं तर ते प्रथिनच असतं, उन्हात आणि वाऱ्यावर लवकर बिघडतं. जिवंत बुरशी मात्र अळीच्या अंगावर बसून जेवढं लागेल तेवढं तिथंच तयार करते, म्हणून शेतात तिचाच भरवसा. शहरातल्या मैत्रिणी गूळ एक भाग, लिंबू-संत्र्याच्या साली तीन भाग आणि पाणी दहा भाग घालून ९० दिवस मुरवतात आणि त्याला बायोएन्झाइम म्हणतात. फरशी त्यानं छान निघते, कचरा कमी होतो, जरूर करा. पण त्यातलं बरंचसं काम आंबटपणाचं असतं, आणि त्याच्या जोरावर कुणी उसाची हुमणी मारायला निघालं तर मी हात धरून थांबवेन. 'जैविक' लिहिलेल्या बाटल्यांत रासायनिक कीडनाशक मिसळलेलं सापडल्याची प्रकरणंही झाली आहेत. दुसऱ्याच दिवशी किडींचा सडा पडला, तर खूश होऊ नका, शंका घ्या. पुड्यावर तयार केल्याची तारीख बघा, ग्रॅमला किती जिवंत बीजाणू आहेत तो आकडा बघा, आणि दुकानदारानं माल कुठं ठेवलाय ते डोळ्यांनी बघा. कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं, पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडं विचारायला लाजू नका.

हळदीच्या कंदकुजीला आम्ही ट्रायकोडर्मा नावाची दुसरी बुरशी लावतो, त्याची गोष्ट वेगळी आणि तितकीच सुंदर आहे. कंदकूज करणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जिवाच्या पेशीभिंतीत कायटिन मुख्य नसतं, ग्लुकान आणि सेल्युलोज असतं. ट्रायकोडर्माकडं त्यासाठी ग्लुकानेज आणि सेल्युलेज आहेत. ज्याची भिंत जशी, तशी याची हत्यारं. पण ते परत कधीतरी.

मागच्या भाद्रपदात गावी गेले तर नाना घरात नव्हते. उकिरड्यापाशी गोणपाटावर बसले होते. समोर काकूचा जुना स्टीलचा डबा, त्यात उसाच्या रानातून वेचून आणलेल्या पंधरा-वीस हिरव्या हुमण्या. एकेक उचलून ते मुरलेल्या शेणखतावर चुरडत होते. हात थरथरत होता, पण चिमूट बरोबर जमत होती. तोंडाला फडकं होतं.

"हे काय चाललंय, नाना?"

"इरजण लावतुया," ते म्हणाले. "दर साली पुडं कशाला इकत आणायचं? आपल्याच रानातलं हाय."

मी शेजारी बसले आणि डब्यातली एक उचलली.